घर चालतं, मांगर चालत नाही: किनाऱ्यावरचं होमस्टे आणि जमिनीचे नियम

परसदार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. पण माझ्यासारखे अडकलेले आणखी कितीतरी जण असणार, म्हणून लिहितेच.

आमचं गाव सिंधुदुर्गात, अगदी समुद्राला लागून. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर आहे. पुढे ओटी, पडवी, मागे परसू आणि विहीर. घराच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे, माडांची वाडी. वाडीच्या टोकाला एक जुना मांगर, म्हणजे शेतीचं सामान ठेवायची खोप. २०१६ पासून घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. निवास-न्याहारी योजनेत रीतसर नोंदणी केली आहे. जेवण मी आणि सासूबाई करतो, यजमान वाडी बघतात आणि पाहुण्यांना होडीवाल्यांशी गाठ घालून देतात. या दोन खोल्यांवर मुलीचं शिक्षण झालं.

मे महिन्यात आणि दिवाळीत माणसं परत पाठवावी लागायची. म्हणून ठरवलं, मांगर मोडकळीला आलाच आहे, तो पाडून त्याच जागी दोन खोल्या काढू. गवंडी ठरला, चिरे उतरवून घेतले, जोत्याचे दोन थर चढले आणि नोटीस आली. तक्रार कुणी केली ते कळलं नाही आणि आता ते शोधायची इच्छाही नाही.

नोटिशीत दोन मुद्दे होते. एक, शेतजमिनीचा विनापरवाना बिगरशेती वापर. दुसरा, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, बांधकाम. मी कागद घेऊन फिरायला लागले. एका टेबलावर सांगितलं, "शेतघर म्हणून दाखवा, फारसं काही लागत नाही." दुसऱ्या टेबलावर, "आधी बिनशेती करून आणा, मग बोलू." तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, "बाई, जागा भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत आहे, बिनशेती करून तरी काय उपयोग?" तिघांच्या तीन तऱ्हा ऐकून मला त्या दिवशी रडू आलं. एसटीत बसून घरी येताना सारखं वाटत होतं की आपण काहीतरी चोरी केली आहे.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घर आमचा, वाडी आमची, आणि इचारूचा तिसऱ्याक."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेतात किंवा वाडीत एक-दोन खोल्या काढायच्या तर खरा रस्ता कुठला? आणि पन्नास खोल्यांच्या रिसॉर्टला जो अर्ज, तोच माझ्या दोन खोल्यांना, हे कुणाला खटकत नाही का? त्यांच्याकडे आर्किटेक्ट असतो, सल्लागार असतो, वकील असतो. माझ्याकडे एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, तिच्यात सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्या.

तांबडीमाती

ताई, अगदी आमचीच गोष्ट. फक्त आमच्याकडे जोतं नव्हे, स्लॅब पडल्यावर नोटीस आली. वाचतोय.

मोजणीदार

परसदार ताई, मी भूमी अभिलेख खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. आधी एक सांगतो. त्या तिन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या कायद्यापुरतं खरं बोलत होती. अडचण अशी की एका जमिनीवर तीन कायदे एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येक टेबलाला आपलाच कायदा दिसतो. तिन्ही एकदम बघणारं टेबल कुठेच नाही. सामान्य माणूस फसतो तो इथे.

पहिलं शेतघर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या दिलेली आहे. अवजारं, खत, पीक ठेवणं, गुरं बांधणं, शेतकऱ्याच्या कुटुंबानं किंवा त्याच्या गड्यांनी राहणं, यासाठीची ती इमारत. तुमचा मांगर या व्याख्येत नीट बसतो. पण ज्या दिवशी तिथे पैसे देणारा पाहुणा झोपला त्या दिवशी ती इमारत शेतीसाठी उरत नाही. चिरे तेच, कौलं तीच, वापर बदलला. "शेतघर दाखवा" हा सल्ला जवळजवळ प्रत्येक गावात मिळतो आणि तोच सगळ्यात महागात पडतो, कारण शेतघर म्हणून कागदावर सही करून तुम्ही स्वतःच लिहून देता की इथे पर्यटक राहणार नाहीत.

दुसरं बिनशेती. याच अधिनियमाच्या कलम ४२ नुसार शेतजमीन परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नव्हती आणि कलम ४४ मध्ये परवानगीची पद्धत सांगितली होती. पुढे ४२ब, ४२क, ४२ड अशी कलमं आली आणि बरंच सोपं झालं. ४२ड तुमच्यासारख्यांनी मुद्दाम वाचावं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळ्या परवानगीच्या फेऱ्यातून सोडवायला ती तरतूद आणली होती. मात्र 'निवासी' हा शब्द तिथे आहे. निवासी वापर बदलून वाणिज्य वापर करणं हाही कायद्याच्या नजरेत वापरातला बदलच. या कलमांमध्ये वरचेवर दुरुस्त्या होत असतात, तेव्हा अर्ज कराल त्या दिवशीचा मजकूर बघूनच अर्ज करा.

तिसरं सीआरझेड. तिसऱ्या साहेबांनी सांगितलं ते कडू आहे, पण बरोबर आहे. महसूल कायद्याने जमीन बिनशेती झाली म्हणून सीआरझेडचं बंधन सुटत नाही. ती केंद्राची अधिसूचना आहे, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली काढलेली. पहिली १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग ६ जानेवारी २०११ ची आणि आता १८ जानेवारी २०१९ ची.

मला तीन गोष्टी सांगा. घर नक्की भरतीरेषेपासून किती लांब? मांगर किती? आणि घराची १९९१ च्या आधीची नोंद आहे का?

परसदार

मोजणीदार काका, खूप आभार. 'शेतघर दाखवा' मी जवळजवळ करणारच होते.

घर आणि मांगर यांच्यात साधारण साठ पावलं. भरतीरेषेचं नक्की माप माझ्याकडे नाही. नोंदीचं बघते.

चाकरमानी७२

एक वेगळी बाजू मांडतो. आमच्या सातबाऱ्यावर २७ नावं आहेत. पणजोबांच्या चार भावांची पिल्लावळ. त्यातले निम्मे मुंबईत, काही पुण्यात, दोघं परदेशात, आणि पाच-सहा नावं अशी की माणूस जाऊन वीस वर्षं झाली तरी वारस नोंद नाही. गावात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला होमस्टे काढायचा होता. कुठल्याही अर्जाला हिस्सेदारांची संमती लागते. तो बिचारा गणपतीची वाट बघायचा, कारण तेव्हाच सगळे एका ठिकाणी सापडतात. चार गणपती गेले.

सीआरझेडचं नाव सगळे घेतात, पण कोकणातल्या निम्म्या जणांचा अर्ज तिथवर पोचतच नाही, तो सातबाऱ्यावरच बसतो. मी स्वतः संमतीपत्रावर सही करायला दोन वर्षं लावली. माझा हिस्सा जाईल की काय अशी भीती मनात होती. भावाशी नीट बोललो असतो तर दोन वर्षं वाचली असती. जे माझ्यासारखे मुंबईत बसून आहेत त्यांना हात जोडून विनंती, गावात राहणाऱ्या भावाला निदान उत्तर तरी द्या.

खाडीपल्याड

+१ चाकरमानी. आमच्याकडे तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'खासगी वन' असा शेरा आहे. १९७५ च्या कायद्यातला. जागेवर काजूची कलमं आहेत, आजोबांनी लावलेली. बिनशेतीचा विषयच निघत नाही.

घाटमाथा

किनाऱ्याचंच चाललंय, पण वरचंही ऐका. मी आंबोलीच्या बाजूचा. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न पुष्कळांना माहीत असेल. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतात, घरं आहेत, पण सातबारा त्यांच्या नावे नाही. पावसाळ्यात धबधब्यावर मुंगी शिरायला जागा नसते इतकी गर्दी. पण गावच्या पोराला दोन खोल्या काढायच्या म्हटलं तर बँक विचारते, जमीन कुणाच्या नावावर? नाव नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून टपरी, आणि टपरीचीही खात्री नाही. बाहेरचा पैसेवाला जिथे स्वच्छ सातबारा मिळतो तिथे येऊन हॉटेल बांधतो. आमच्या पोरांना त्याच हॉटेलात वेटरची नोकरी.

आणि एक. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा आला की गावागावात सभा होतात, सांगितलं जातं की आता घराचं कौलसुद्धा बदलता येणार नाही. मी २०२४ चा मसुदा वाचला. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, लाल वर्गातले, म्हणजे जास्त प्रदूषणाचे, उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं यांवर. दोन खोल्यांचं होमस्टे त्यात कुठेच नाही. खाणवाल्याची भीती आमच्या खांद्यावर कुणी ठेवली, याचा विचार व्हायला हवा.

मर्यादावेल

मी या धाग्यावर थोडं विरुद्ध बोलणार आहे. परसदार ताई, तुमच्याबद्दल राग नाही, उलट तुम्ही करता तसंच पर्यटन व्हावं असं मला वाटतं. पण दोनशे मीटरचा नियम हटवा असा सूर निघाला तर मी त्याच्या विरुद्ध आहे.

माझं आयडी ज्या वेलीवरून आहे ती तुमच्या पुळणीवर नक्की असेल. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी, बकरीच्या खुरासारख्या पानांची. ती वाळू धरून ठेवते, तिच्यामागे केवडा, उंडी, मग सुरू, मग माड. वाऱ्याने उडणारी वाळू या वेलीपाशी अडते आणि तिथे टेकडी तयार होते. ही टेकडी म्हणजे गावाचा बांध. आमच्या शेजारच्या गावात 'सी व्ह्यू' पाहिजे म्हणून ही टेकडी जेसीबीने सपाट केली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा त्या जागेतून पाणी सरळ आत शिरलं. ज्यांनी टेकडी काढली त्यांचं कुंपण गेलं, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या मागच्या दोन घरांच्या विहिरी खाऱ्या झाल्या. त्या घरांतल्या बायका पुढे कितीतरी महिने लांबून पाणी आणत होत्या.

त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या. तुमच्याकडे आमच्याकडे पाहुणे येतात ते ही बाग, ही पुळण बघायला. ती राहिली नाही तर खोली कशाला लागेल?

आणखी एक. ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात ती याच पट्ट्यात. वेळास बघा. मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, घरचंच जेवतात. पुळणीवर हॉटेल नाही म्हणून तर कासवं येतात आणि कासवं येतात म्हणून घराघरात पाहुणे. नियमाने तिथे धंदा मोडला नाही, धंदा नियमामुळे टिकला.

परसदार

मर्यादावेल, मी टेकडीला हात लावलेला नाही. मांगर टेकडीच्या मागे, माडांच्या ओळीत आहे आणि तो माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. आमच्या पुळणीवर वेल आहे, आणि सासूबाई कुणालाही ती उपटू देत नाहीत.

पण खाऱ्या विहिरीचं वाचून थांबले. आमची विहीर मांगरापासून फार लांब नाही. दोन खोल्या म्हणजे दोन संडास, एक शोषखड्डा. गवंड्याने जागा दाखवली होती ती विहिरीच्या वरच्या अंगाला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तांबडीमाती

मर्यादावेल, सगळं मान्य. पण मग २०१९ मध्ये दोनशेचे पन्नास मीटर कसे केले? ते कुणासाठी? आमच्या इथे सगळे म्हणतात आता पन्नास मीटर झालं, बिनधास्त बांधा.

मोजणीदार

तांबडीमाती, थांबा. हा गैरसमज फार पसरलाय आणि यात माणसं बुडतील.

२०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे, म्हणजे सीआरझेड ३ चे, दोन भाग केले. ३अ म्हणजे जिथे २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे. तिथे ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम चालत नाही तो पट्टा, भरतीरेषेपासून ५० मीटर, तेही त्या नव्या नियमाप्रमाणे किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर. बाकी सगळं ३ब. तिथे २०० मीटर होतं तसंच आहे. आता सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ ची घनता बघा, १६३. एखादं दाट वस्तीचं कोळीवाड्याचं गाव सोडलं तर सवलत तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पन्नास मीटरची बातमी सगळ्या कोकणाने वाचली, आकडा कुणी वाचला नाही.

फरक पडला तो खाडीला. भरतीच्या पाण्याच्या खाड्यांना आधी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतलं जे कमी ते होतं, आता ५० मीटर किंवा रुंदी, जे कमी ते. खाडीकाठच्या मंडळींनी आपली जागा पुन्हा बघून घ्यावी. पण कांदळवन असेल तर वेगळं. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो.

आता नकाशा. गावपातळीचा नकाशा १:४००० मापाचा असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. १:२५००० च्या नकाशावर तोच एक मिलिमीटर पंचवीस मीटर. एजंट लोक तुम्हाला मोबाइलवर हा १:२५००० चा नकाशा वाढवून वाढवून दाखवतात आणि म्हणतात बघा, रेषेच्या बाहेर आहे. त्या रेषेची नुसती जाडीच तुमच्या अंगणाएवढी असते. गावाचा नकाशा, त्यावर गट नंबर आणि अधिकृत संस्थेने आखलेली भरतीरेषा, एवढं हातात आल्याशिवाय एक चिरा उचलू नये.

नगरकाकू

माझा भाचा बँकेत आहे, त्याने सांगितलेलं लिहिते. होमस्टेसाठी कर्ज मागायला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांचे कागद ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर थांबलेले असतात. दाखला आहे म्हणजे परवानगी आहे अशी त्यांची समजूत. बँक नाही म्हणते तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं. परसदार वहिनी, तुमच्या हातात नोटीस जोत्याच्या दोन थरांवर आली, हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. कर्ज काढून छप्पर घातल्यावर आली असती तर?

नकाशा

नगरकाकूंच्या मुद्द्याला जोडून मरडूचं सांगतो. केरळात कोचीजवळ. तिथल्या पंचायतीने २००६ मध्ये परवाने दिले, किनारा प्राधिकरणाची मान्यता नव्हती. टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून घरं घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० ला स्फोटकं लावून त्या पाडल्या. होमस्टे आणि असले फ्लॅट यांची तुलना नाही हे कळतं, पण कागदाची गोष्ट तीच आहे. पंचायतीचा शिक्का हा पंचायतीपुरता.

मी नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो. परसदार ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून घालतो. लहान आणि मोठा यांना एकच अर्ज हे खटकायलाच हवं. आपले जमीनवापराचे नियम 'काय बांधताय' एवढंच विचारतात, 'किती आणि कोण' हे क्वचित विचारतात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, शेतकऱ्याला शेतावर पाहुणे ठेवायला प्रोत्साहन आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे. एक खातं म्हणतं या, पाहुणे ठेवा. दुसरं खातं म्हणतं ही तर शेतजमीन आहे, वापर बदलाचं काय? नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून माणूस नोटिशीचं उत्तर लिहीत बसतो.

माझं मत असं, मालक स्वतः तिथे राहतो, खोल्या मोजक्या, जोतं जुनं, सांडपाण्याची सोय विहिरीपासून सुरक्षित, एवढं असेल तर तालुक्याच्या ठिकाणी एका खिडकीवर आणि ठरलेल्या दिवसांत निर्णय मिळावा. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा आणि मालक तिथेच राहण्याची अट आधीपासून आहे. म्हणजे लहान कोण याची व्याख्या सरकारकडे तयार आहे. ती पर्यटन खात्याच्या फायलीत आहे, महसूलच्या फायलीत नाही.

मर्यादावेल यांच्याशी मात्र सहमत. ना-विकास पट्टा कमी करून लहान माणसाचं भलं होत नाही. पट्टा मोकळा झाला की पहिल्यांदा जमीन विकत घ्यायला येतो तो लहान माणूस नसतो.

चाकरमानी७२

शेवटचं वाक्य शंभर टक्के. आमच्या वाडीला मागणी आली ती 'नियम बदलणार आहे' अशी आवई उठल्यावरच.

मोजणीदार

परसदार ताई, तुमच्या कामाची गोष्ट सांगायची राहून गेली. २०१९ च्या अधिसूचनेत होमस्टे हा शब्द आहे. मच्छीमारांसह स्थानिक लोकांनी आपल्या असलेल्या घरात, जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवायला तिथे वाट ठेवली आहे. ना-विकास क्षेत्रातही असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी जुन्या जोत्याच्या आणि चटईक्षेत्राच्या मर्यादेत करता येते. 'अधिकृत' या शब्दावर सगळं आहे. म्हणून मी १९९१ च्या आधीची नोंद विचारली होती. घरपट्टीचा जुना असेसमेंट उतारा मिळवा.

आणि मांगराचं जोतं भरून टाका. लेखी कळवा, फोटोसह, की काम थांबवलं आहे आणि जागा पूर्ववत केली आहे. पोच घ्या.

परसदार

खूप दिवसांनी येतेय. मधे पाऊस, मग लावणी.

उतारा मिळाला. ग्रामपंचायतीत जुनी वही सापडत नव्हती, म्हणून सासूबाईंनी लाकडी पेटी काढली. तिच्यात सासऱ्यांनी दोऱ्यात ओवून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या निघाल्या. सगळ्यात जुनी १९६८ ची, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण घर नंबर वाचता येतो. त्या नंबरावरून ग्रामसेवकांनी वही शोधली. त्यांनी खरंच मदत केली, ते लिहायलाच हवं. वहीत घराची लांबी-रुंदी फुटात लिहिलेली आहे आणि 'चिऱ्याचे, कौलारू, पडवीसह' असा शेरा. पडवीसह हा एक शब्द बघून मी सासूबाईंना मिठी मारली, कारण पडवी नंतर वाढवली असं कुणी म्हणू शकलं असतं.

नकाशाही मिळाला. दोनशे मीटरची रेषा बरोबर आमच्या घरातून जाते. ओटी आत, परसू बाहेर. रेषा माजघरात कुठेतरी पडते. मांगर तर पुरताच आत. म्हणजे तिसऱ्या टेबलावरचे साहेब बरोबर होते.

मांगराचे दोन थर काढले. चिरे परसात रचून ठेवले आहेत. फोटो आणि अर्ज दिला, पोच घेतली. मन खूप खात राहिलं. गवंड्याला दिलेले पैसे गेले, त्यापेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की हे सगळं पहिल्याच टेबलावर कुणी सांगितलं असतं तर एक चिराही रचला नसता.

आता ठरलंय ते असं. नवीन काही बांधायचं नाही. घरात माजघराच्या बाजूला भाताची कोठी आहे, दहा बाय आठची. भात आता तेवढा येत नाही. तिची खोली करायची आणि पाहुण्यांना आत संडास-बाथरूम हवं असतं म्हणून त्यातच एक कोपरा. जोतं वाढत नाही, दर्शनी भागाला हात लागत नाही. सांडपाणी परसाच्या बाजूने, विहिरीच्या उताराखाली काढायचं. मर्यादावेल, तुमच्यामुळे ही जागा बदलली.

मर्यादावेल

ताई, वाचून फार बरं वाटलं. शोषखड्ड्याच्या आधी केळी आणि कर्दळ लावता आली तर लावा. आणि पावसाळ्यात विहिरीची पातळी कुठपर्यंत येते ते या वर्षीच काठावर खूण करून ठेवा, खड्ड्याची खोली ठरवायला उपयोगी पडेल.

घाटमाथा

ताई, अभिनंदन. आमच्याकडे पेटी आहे, पावत्या आहेत, फक्त सातबाऱ्यावर नाव नाही. पण पावत्यांचं तुमचं वाचून आज आजीची ट्रंक काढतो.

नकाशा

कोठीच्या आतला बदल असला तरी एक साधा आराखडा, आधीचा आणि नंतरचा, मापांसह काढून फायलीत ठेवा. उद्या पुन्हा तक्रार झाली तर जोतं तेवढंच आहे हे दाखवायला कागद हवा. आराखडा मी काढून देतो, पैसे नकोत. व्यक्तिगत निरोप पाठवा.

परसदार

नकाशा दादा, निरोप पाठवला. मापं उद्या घेते, यजमान टेप धरतील.

आता एकच अडलंय. कोठीची मागची भिंत सव्वा हात जाड आहे, चुन्यातली. तिच्यातून संडासाचा पाइप काढायचा तर चिरा फुटू न देता भोक पाडणारा माणूस पाहिजे. आमचा गवंडी म्हणतो ड्रिल मशीन लावू, सासूबाई म्हणतात भिंत हादरेल. मालवण-देवगड पट्ट्यात जुन्या चुन्याच्या भिंतीत असं काम केलेलं कुणाच्या माहितीत आहे का? आणि भोक जोत्याच्या किती वर घ्यावं?

तांबडीमाती

ताई, आमच्या शेजारच्या घरी केलंय. मशीन नाही लावलं, छिन्नीने दोन दिवस लागले. जोत्याच्या वरच्या पहिल्या थराच्या सांध्यात घेतलं, चिऱ्यात नाही. त्या दादांना विचारून आज रात्री इथेच लिहितो.